आक्कांचे नवे टायर

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरातले सगळेच आक्का म्हणतात. त्या गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांची नात बालवाडीत जात होती. दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, नजर साखरेच्या आजारानं अधू झाली. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं आणि आमची पांढरी गाडी काटेवाडीच्या घरापुढं पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी राहिली. आक्कांची मुलं पुण्यात नोकरीला. माझे यजमान कारखान्यात पाळीवर. गाडी विकून टाकावी, असं सगळ्यांचं मत पडलं.

आक्का म्हणाल्या, "इकायची कशाला? ह्यांना डोळं दाखवायला बारामतीला न्यायचं हाय ना? मी शिकते की."

दादा हसले. पण आक्का खरंच जळोचीच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायला लागल्या. पहिले काही दिवस त्या घामानं भिजून घरी यायच्या. मग एक दिवस त्यांनी शेडमधून गाडी मागं घेतली, अंगणात वळवली आणि दादांसाठी दार उघडून धरलं. लायसन्स हातात आल्यावरच त्यांनी गाडी रस्त्यावर काढली.

मला त्यांच्या चालवण्यापेक्षा त्यांनी गाडीची जी निगा ठेवली तिचं जास्त कौतुक वाटायचं. बाहेर निघण्याआधी त्या गाडीभोवती एक फेरी मारायच्या. मला मागं उभं करून ब्रेक दाबायच्या आणि विचारायच्या, "लाल दिवा लागतोय का गं? दोन्ही?" बारामतीच्या गॅरेजमध्ये सुरुवातीला मेकॅनिक जे सांगायचं ते दादांना सांगायचा. आक्का मध्येच म्हणायच्या, "गाडी मी चालवते. मला दावा, काय झिजलंय ते." मग तो चाक काढून त्यांना ब्रेकचे पॅड दाखवायचा आणि त्या पदर खोचून वाकून बघायच्या.

विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा एजंट घरी आला. त्याच्यापुढं चहा ठेवून आक्कांनी विचारलं, "इमा भरला म्हंजे काय बी झालं तरी कंपनी देती का?"

तो म्हणाला, "तसं नाही, आक्का. गाडी चालवण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाची असते. ती अटच असते पॉलिसीत. ब्रेक गेलेत, टायर गुळगुळीत झालेत हे माहीत असून गाडी रस्त्यावर आणली आणि त्यामुळंच अपघात झाला, तर कंपनी पैसे कापू शकते. कधी कधी नाकारतेसुद्धा."

एजंट गेल्यावर आक्कांनी बाहेर जाऊन टायरवरून हात फिरवला. दिवाळीच्या तोंडावर चारही टायर नवे बसले. दादा कुरकुरले, "अजून एक उन्हाळा निघाला असता. तेवढ्या पैशात घराला रंग झाला असता."

"रंग काय, फुडच्या वर्षी बी देता येतोय," आक्का म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात इंदापूरला आमच्या भाचीचा साखरपुडा होता. सकाळीच आम्ही निघालो. दादा पुढं बसले होते, मी मागं, मांडीवर फळांची करंडी. भवानीनगर मागं पडलं तरी धुकं विरलं नव्हतं. कारखाना सुरू असल्यानं रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ होती. आमच्यापुढं एक मोटरसायकल चालली होती. नवरा, बायको, मध्ये लहान मुलगी. त्यांच्या पुढच्या ट्रॉलीतून उसाची एक मोळी सुटली आणि रस्त्यावर पसरली. मोटरसायकल उसावरून घसरली आणि तिघंही आमच्या गाडीसमोर पडले.

दादा ओरडले. आक्कांनी ब्रेक दाबला तशी गाडी दबली, टायरांनी रस्ता धरला, पण थांबायला जागा कमी होती. तेवढ्यात त्यांनी ती डावीकडं घेतली. गाडी साइडपट्टीवर उतरली आणि ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला धडकली. फळं माझ्या पायाशी सांडली. मी मान वळवून मागं पाहिलं. मुलगी रस्त्यावर बसून रडत होती. रडत होती, म्हणजे जिवंत होती.

आक्का उतरून आधी तिच्याकडं धावल्या. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. आईनं तिला कुशीत ओढलं. भोवती माणसं जमली आणि कुणीतरी म्हणालंच, "बाईमाणूस गाडी चालवत होतं व्हय? मग आसंच हुणार."

मोटरसायकलवाला लंगडत पुढं आला. "ओ, काय बोलताय तुमी? ह्या ताईंनी स्वतःची गाडी ठोकली म्हणून माझी पोर हितं हाय. न्हायतर मी काय केलं असतं?" एवढं बोलून तो खाली बसला आणि ओंजळीत तोंड धरून रडायला लागला. टोमणा मारणारा माणूस गर्दीतून बाजूला झाला. आक्का त्या बाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आमच्या गाडीचं बॉनेट वर आलं होतं, रेडिएटर फुटला होता. आक्कांनी तिथूनच विमा कंपनीला फोन केला, मला फोटो काढायला लावले आणि गाडी उचलून बारामतीला पाठवली. मग आम्ही एका पिकअपमधून साखरपुड्याला पोचलो. नवरीनं आक्कांच्या साडीवरची माती पाहिली आणि काही न विचारता त्यांना मिठी मारली.

पुढं कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला. शांत, मोजकं बोलणारा गृहस्थ. त्यानं बॉनेट पाहिलं, मग खाली बसून चारही टायर पाहिले, ब्रेक तपासायला लावले. लायसन्स, आरसी, पीयूसी पाहिलं. आक्का शेजारी उभ्या होत्या, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"गाडी चांगली ठेवलीय," तो म्हणाला. "मी रोज अशा गाड्या बघतो. निम्म्या वेळा टायरवर नक्षीच उरलेली नसते, मग मला तसं लिहावं लागतं. तुमच्या बाबतीत लिहायला काही नाही."

प्लॅस्टिकचे भाग जुने झाल्याचे पैसे आणि इतर काही कापून बाकीचा क्लेम मंजूर झाला. दादांनी ही बातमी आल्यागेल्याला सांगितली, आणि दरवेळी टायरांचं श्रेय आक्कांना दिलं. एकदा पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "म्या तर रंग द्यायला निघालो हुतो घराला."

त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी आक्कांना म्हटलं, "बरं झालं, कंपनीनं दिलं ते."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "दिलं, चांगलं झालं. पर बॉनेटचं दिलं गं. ती पोर चाकाखाली आली असती, तर मला कुणी काय दिलं असतं?"

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं आणि विषय बदलावा तसं म्हणाल्या, "तुझं लायसन्स कधी काढायचं? जळोचीचा मास्तर आजून हाय तितं."

मी आता शिकते आहे. मास्तर म्हणतो, घरात एवढी चांगली ड्रायव्हर असताना माझ्याकडं कशाला येता? मी त्याला सांगते, त्यांनीच पाठवलंय.