चित्रातली चिमणी

खिडकीत टाकलेल्या कण्यांवर चिमणी उतरली, की शेजारची ओवी बोलता बोलता गप्प होते.

ओवी सहा वर्षांची. गेल्या महिन्यात तिची आई गेली. अशा घरी रिकाम्या हातानं जाववत नाही, म्हणून आज मी चित्रांचं पुस्तक नेलं. मुलांना मरण हळुवार समजावतं, असं दुकानदार म्हणाला होता. ओवी मांडीवर येऊन बसली, मी वाचू लागले. पुस्तकातली चिमणी म्हातारी होते, थकते आणि एका सकाळी पाचोळ्यावर निपचित पडते. चित्र फार सुंदर होतं.

ओवीनं पान उलटू दिलं नाही. तिचा हात चिमणीवर तसाच राहिला.

"काकू, आईच्या दिव्याखालच्या पिठात चिमणीचे पाय उमटले होते. आजीनं दाखवले मला."

माणूस जातं त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात आणि दुसऱ्या दिवशी पिठात पाऊल शोधतात; ज्याचं पाऊल, त्याच्या जन्माला माणूस गेलं म्हणतात. कोणतं ना कोणतं सापडतंच. या घरात पाखराचं सापडलं होतं, आणि या पोरीला खिडकीत आई परत मिळाली होती.

मरण समजावायला निघालेले आपण, पोरांनी ते आधीच कसं समजून घेतलंय हे विचारतसुद्धा नाही. घरी माझं कपाट पुस्तकांनी भरलेलं आहे. त्यातलं एकही वाक्य मदतीला येईना.

खिडकीत कण्या टिपायला आलेली चिमणी भुर्रकन उडाली. ओवीनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काकू, ही दुसरी आहे ना?"