तीनही आकडे जुळत होते

चिनहटच्या शीतगोदामात लसींची गुणवत्ता तपासणं माझ्याकडे होतं. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. पूर्वी ड्रायव्हर वहीत आकडे भरायचे, बहुधा पोहोचल्यावर, एका दमात. म्हणून कंपनीने ब्लॉकचेन ही संगणकीय नोंदवही आणली. तिच्या प्रती अनेक ठिकाणी असतात, चढलेली नोंद कुणालाच पुसता येत नाही. मात्र तिला स्वतःला बाहेरचं काही दिसत नाही. गाडीतले सेन्सर कळवतील तेच ती लिहिते. एखादा बिघडेल म्हणून तीन सेन्सर होते: पुढे, मध्ये आणि दाराशी.

जूनमध्ये रस्ता बंद असल्याने एक गाडी अर्ध्या वाटेतून परत आली. स्क्रीनवर पाच अंश. दाराजवळचं खोकं मी उचललं तर कोमट. थर्मामीटर लावला, एकोणीस. आत चढून पाहिलं. तिन्ही सेन्सर थंड हवेच्या झोताखाली ओळीने चिकटवलेले.

माल चढवणारे चाचा गोदामातले सर्वांत जुने. त्यांना विचारलं, "ये यहाँ किसने लगाए?"

"हमने, मैडम. दरवाज़े पर लगाओ तो लाल आता है, फिर डाँट पड़ती है. यहाँ हरा रहता है."

"और दवा?"

"दवा का तो मशीन ही बताती है ना."

संगणक विभागातली नागपूरची मुलगी धावत आली. "मॅडम, डेटा तर बरोबर आहे. तिन्ही मॅच होऊन राहिले."

"होणारच. तिघांना एकाच पंख्याखाली बसवलंय."

"पण एंट्री काढता येत नाही."

"काढू नकोस. तिच्याखाली माझ्या नावाने लिही, माल बाद."

मग चाचांना विचारलं, असं कधीपासून? "होली के बाद से." म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या गाड्या. लाल दिसलं की आरडाओरडा करणाऱ्यांत मीही होते, हे तेव्हा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी मी एकेका दवाखान्याला फोन लावला. माल बहुतेक ठिकाणी संपला होता. आमच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरोजिनी नगरच्या पुढे, एका धर्मादाय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "आपके रिकॉर्ड में तो पाँच डिग्री है. माँओं से क्या कहूँ?"

"कहिए, रिकॉर्ड ग़लत है. बच्चों को फिर से ले आएँ."

ते म्हणाले, निम्म्या बायका वीटभट्टीवरच्या होत्या. हंगाम संपला, त्या मुलांना घेऊन आपापल्या गावी गेल्या. कोणत्या गावी, ते दवाखान्याने लिहून घेतलं नव्हतं.