उजवीकडचा बर्फ

आमच्या माधव नगरातले भय्यासाहेब शितोळे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यालाही बरीच वर्षं झाली, पण टावर चौकात पोहे खायला निघाले तरी बूट अजून चमकतात. गणपतीत भाषणाला बोलावलं की शौर्य, बलिदान असं थोडंसं बोलून खाली बसतात. लढाईतलं रोजचं काही विचारलं तर म्हणतात, "छोडो मास्तर, चहा घ्या."

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी बसलो असताना मृण्मयी आली. तिचे वडील, अभिजीत, भय्यासाहेबांच्याच तुकडीत होते. लढाईत गेले तेव्हा ती पाळण्यात होती. देवासच्या घरी त्यांचं नाव निघालं की आई रडते, म्हणून कुणी नावच काढत नाही.

"काका, बाबा कसे होते?"

"शूर होते, बेटा."

"ते फोटोखाली लिहिलंय. एरवी कसे होते?"

भय्यासाहेबांच्या पत्नी मीरावहिनींनी चहा ठेवला. पोरगी कपाला हात लावेना. भय्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मिशी चोळली.

"एक किस्सा आहे. पण शहिदाच्या मुलीला सांगण्यासारखा नाही."

"तोच सांगा."

"वरती, डोंगरावरच्या चौकीत, पाणी नाही. बर्फ वितळवायचा, त्याचाच चहा, त्याचीच डाळ. समोरून गोळे यायचे, आणि आमचं भांडण काय, तर आज स्टोव्ह कोण पेटवणार! नियम एकच. तंबूतून बाहेर पडलं की उजवीकडचा बर्फ प्यायचा. डावीकडे सकाळचं काम. मध्ये लाल कापडाची काठी."

"अहो, चहा चाललाय!" मीरावहिनी.

"चालू दे. एकदा रात्रभर बर्फ पडला, काठी गडप. अभिजीत नवा. बाहेर गेला, तंबूकडे तोंड करून उभा राहिला आणि आपल्या उजव्या हाताचा बर्फ भरून आणला!"

"अय्यो! मग?"

"सगळ्यांनी पेले भरभरून चहा प्यायला. तुझा बाप सर्वांत आधी. वर म्हणतो, 'आज क्या स्वाद आया है!' दुपारी ऊन पडलं, काठीचं टोक वर आलं, आणि याने खोदलेला खड्डा काठीच्या पलीकडे! त्या दिवशी त्याला समोरच्यांपेक्षा आमचीच भीती जास्त होती." भय्यासाहेब हसता हसता थांबले. "पुढे रोज तोच सगळ्यांच्या आधी उठून बर्फ आणायचा. शेवटच्या सकाळीसुद्धा."

मृण्मयी पोट धरून हसत होती. डोळे पुसून तिने आईला फोन लावला, स्पीकर चालू केला.

"आई, बाबांच्या हातचा चहा प्यायलीस कधी?"

भय्यासाहेब खुर्चीत ताठ झाले. मीरावहिनींनी पदर तोंडाशी नेला.

"एकदाच," आई म्हणाली. "साखरेऐवजी मीठ घातलं होतं. आणि स्वतः मिटक्या मारत प्यायले, कबूल काही केलं नाही!" आवाजात हसू होतं. "का गं?"

मृण्मयीने गार झालेला कप उचलला.

"सांगते. पण तू आधी तुझा चहा पिऊन घे."