भैरवची बदनामी

मारुती शेलारने पिस्तूल घेतलं ते नावावर भुलून. कंपनीचं नाव भैरव, आणि मारुतीच्या पाटणकडच्या गावचा देव भैरवनाथ. दुकानदाराने आणखी दोन कंपन्यांची पिस्तुलं काचेवर मांडली होती, पण देवाला सोडून दुसऱ्याला हात लावला तर जत्रेत तोंड कसं दाखवायचं? त्या पिस्तुलाच्या जोरावर मारुती नौपाड्यातल्या एका सराफी पेढीत गनमन झाला. डोंबिवलीहून यायचा, पेढीच्या दारात स्टुलावर बसायचा आणि भैरवच्या बदनामीला उत्तरं द्यायचा. हे दुसरं काम त्याला खरं तर कुणी सांगितलेलं नव्हतं.

बदनामी जुनी होती. भैरव ऐन वेळी अडकतं, हे ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी. शेजारच्या गोल्ड लोनवाल्यांचा गनमन साईनाथ, दुनळी बंदूकवाला, रोज चहाला तोच विषय काढायचा.

“ओ मारुतराव, ऐकलंत का? कल्याणात एका हळदीला नवऱ्याच्या मामाने भैरव काढलं हवेत उडवायला. नुसतं टिक! मामा हलवतोय, डीजेवाला थांबलाय, सगळे वर बघतायत.”

“हवेत गोळी उडवणं गुन्हा आहे,” मारुती म्हणाला. “भैरवने गुन्हा होऊ दिला नाही.”

“आणि पेढीवर दरोडा पडला तर?”

“तेव्हा उडेल.”

“त्याला काय कळणार ओ, कुठला गुन्हा कुणाचा?”

मारुतीने यावर चहा संपवला. इतक्या वर्षांत त्याने स्वतः भैरव एकदाही उडवलेलं नव्हतं. चांगल्या वस्तूची परीक्षा घेऊ नये, असं त्याचं मत होतं.

पेढीचा कारभार हल्ली मालकांची मुलगी संचिता बघायची. तिने मोबाइलवर भैरवबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचलं आणि मारुतीला आत बोलावलं.

“काका, शीळफाट्याच्या पुढे नेमबाजीची रेंज आहे. रविवारी तिथे उडवून दाखवा. नाही उडालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका.”

“ताई, दुसरं पिस्तूल बघा म्हणा की. एकदम माणूस?”

“पिस्तूल तुमचं आहे ना? माझ्या हातात माणूसच बदलणं आहे.”

रविवारी निघताना रंगूबाईने, म्हणजे मारुतीच्या बायकोने, पिस्तुलाला कुंकू लावलं. “देवाचं नाव आहे,” ती म्हणाली, “अडकेल कसं?”

अडकलं. जानेवारीतली गार सकाळ, समोर कागदाचा निशाणा, मागे मातीचा ढीग. मारुतीने श्वास धरला, घोडा दाबला. टिक. संचिता आपल्या चपलांकडे बघायला लागली. रेंजवर शिकवणारा आनंदा पुढे आला, पिस्तूल रिकामं केलं आणि उघडलं. आत लाल-पिवळा लगदा होता, साबणासारखा घट्ट. त्यात तांदळाचा एक दाणा.

“दसऱ्याला पूजा करता?” आनंदाने विचारलं.

“दर दसऱ्याला. हळद, कुंकू, अक्षता. काही कमी केलेलं नाही.”

“आणि तेल कुठलं?”

“खोबरेल. शुद्ध.”

“थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं ना काका? मग यातलं?”

“आम्ही बाटली उन्हात ठेवतो.”

“हां. मग दरोडेखोरांनाही सांगा, जरा उन्हात बसा म्हणून.”

संचिताने हसू दाबलं. “म्हणजे कंपनी वाईट नाही?”

“ताई, या बाजूला मी अडकलेली जेवढी भैरव उघडली, त्यातल्या बहुतेकांत हळद निघाली. नावच तसं ठेवलंय. दुसऱ्या पिस्तुलासमोर कोण नारळ फोडतं? फटी जरा मोठ्या ठेवल्यात, तेवढी कंपनीची चूक धरा.”

आनंदाने सगळं पुसून नीट बंदुकीचं तेल घातलं. मग भैरव असं उडालं की मॅगझिन संपलं तरी मारुती घोडा दाबतच होता. दोन गोळ्या कागदाला लागल्या, बाकीच्या मातीच्या ढिगाला.

“पिस्तूल चांगलं आहे काका,” संचिता म्हणाली. “प्रश्न तुमचा आहे.”

“साफ करत जाईन, ताई.”

“दर महिन्याला इथे येऊन, यांच्यासमोर. आणि ते हळद-कुंकू बंद.”

“पूजा आमची मंडळी करते.”

“मग त्यांना सांगा.”

त्यापेक्षा दरोडा परवडला, असं मारुतीला वाटलं. पण नोकरी राहिली होती, त्यामुळे त्याने मान हलवली.

सोमवारी साईनाथ चहाचे दोन ग्लास घेऊनच उभा होता. पेढीच्या ड्रायव्हरकडून बातमी आधीच पोचलेली.

“काय मारुतराव, पहिलीच गोळी अडकली म्हणे?”

इतकी वर्षं ज्या पुराव्यासाठी मारुती भांडत होता, तो आता त्याच्याजवळ होता. फक्त तो सांगायचा म्हणजे हळद सांगायची, तांदूळ सांगायचा, खोबरेल सांगायचं. साईनाथला सांगितलं म्हणजे वागळे इस्टेटपर्यंतच्या प्रत्येक गनमनला सांगितलं, आणि त्यांच्या मालकांनाही. भैरवची अब्रू वाचली असती. पिस्तुलात अक्षता भरणाऱ्या गनमनला मात्र पुढे कुणी दारात उभं केलं नसतं.

मारुतीने चहावर फुंकर मारली.

“कंपनीच भिकार आहे रे,” तो म्हणाला.

साईनाथचा ग्लास ओठांपाशीच थांबला. “हे तुम्ही म्हणताय?”

“मीच म्हणतोय. फटी मोठ्या ठेवल्यात त्यांनी.”