चौकातल्या कडुलिंबाशी भांडण

"आरं, शिव्या मी दिल्या त्याला! तू कोन कुऱ्हाड घालनारा?"

मामा चौकातल्या कडुलिंबाला पाठ लावून उभा होता आणि नगरपालिकेच्या नव्या साहेबावर असा ओरडत होता, की निजामाच्या काळातल्या वेशीवरची पारवे उडाले ते थेट टेंभुर्णीला जाऊन बसले. मामा म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ. पण रागापुरता तो अख्ख्या गावाचा मामा. त्याच्याइतका रागीट माणूस आमच्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर मामानेच त्याला हाकलून लावला असणार. तरुणपणी मेंढरं राखून कमावलेला गळा. त्याने हाळी दिली की तिसऱ्या शिवारातलं मेंढरू मान खाली घालून परत यायचं, आणि त्याच्यामागून एखादा शेतकरीही. एकदा जालन्याला निघालेला मामा भलत्याच एसटीत बसला. पिंपळगाव रेणुकाईला उतरल्यावर त्याने कंडक्टरला इतकं झापलं की त्या बिचाऱ्याने माफी मागून वर चहा पाजला. "गाडी चुकली," मामा आम्हाला सांगे, "मी बराबर बसल्तो."

पण या रागाचं एक गणित होतं. ज्याच्यावर जीव, त्याला शिव्या जास्त. मामा ज्याच्याशी गोड बोलला त्याने समजून जावं, की आता आपला संबंध संपला. आणि गावात सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या या कडुलिंबाने. रोज सकाळी मामा त्याच्या पारावर बसे, समोरच्या हॉटेलातून कपबशी येई आणि कडुलिंब नेमाने तीत एक पान टाकी. "मेल्या, आंधळा हाईस का? एवढी जिमीन मोकळी पडली, तुला माझीच बशी दिसून राह्यली?" इथून जी सुरुवात व्हायची ती झाडाच्या सात पिढ्यांपर्यंत जायची. मग पानासकट चहा पिऊन मामा मिशी पुसायचा. एकदा हॉटेलवाल्याने चांगुलपणाने ते पान चिमटीत धरून काढलं, तर मामा महिनाभर त्याच्याशी गोड बोलत होता.

अशात हा साहेब आला. जुना चौक हिरवागार करायचा, लोकांना बसायला बाग करायची, असं त्याच्या मनात होतं. चौकात हिरवं म्हणावं असं एकच होतं, आणि नकाशात नेमकं तेच आडवं आलं. गोल हिरवळ, मधोमध कारंजं, कडेने सिमेंटची बाकडी. हिरवळीला म्हणे ऊन लागतं आणि पाचोळा चालत नाही. साहेब तसा भला माणूस. लोकांचं ऐकल्याशिवाय काही करायचं नाही म्हणून रोज सकाळी चौकात येऊन उभा राहायचा. ऐकू काय येणार? मामा. मग बैठकीत त्याने सांगून टाकलं, की या झाडाचा नागरिकांना फार जाच आहे, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

म्हणून कुऱ्हाडी आल्या आणि म्हणून मामा ओरडत होता. शेवटी साहेबही चिडला. जमलेल्या गर्दीकडे वळून म्हणाला, "हे गृहस्थ रोज या झाडाला शिव्या देतात की नाही? खरं सांगा."

देतात, हे खरंच होतं. कुणीतरी तसं म्हणालं आणि बाकी गावाने माना हलवल्या. खरं बोलण्याची एवढी घाई आमच्या गावाला ना त्याआधी कधी झाली, ना त्यानंतर.

मामा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. "आरं, तुमाला तरी ठावं व्हतं ना," तो म्हणाला, तेही हळू. मग झाडापासून बाजूला झाला आणि साहेबाला हात जोडले. "तोडा, साहेब. तुमचं बिलकुल बराबर हाय."

इतकं गोड, की आम्हाला घाम फुटला.

बाग झाली. हिरवळ आली आणि तिच्याबरोबर 'हिरवळीवर चालू नये' ही पाटीही आली. कारंजं उद्घाटनाला उडालं, त्यातच त्याचं आयुष्य संपलं. बाकडी चैत्रापासून अशी तापतात की त्यांवर भाकरी भाजून घ्यावी. बसायचा हक्क फक्त कावळ्यांना, आणि तेही एका पायावर. आजही तिथून जाताना माझं डोकं फिरतं. चौक हिरवा करायला निघालेल्या माणसांनी सावली कुठे ठेवायची हे एकमेकांना विचारलंसुद्धा नाही!

मामा मग हॉटेलात, आत पत्र्याखाली बसू लागला. एका सकाळी मी समोर जाऊन बसलो. "या, बसा," तो मला म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने मला अहोजाहो केलं.

"मामा," मी म्हटलं, "एखादी शिवी तरी दे की."

मामाने कपात बघितलं आणि बशी बाजूला सारली.

"चहा लई गोड लागून राह्यला आता," तो म्हणाला.