मनूचे केस आणि अमेरिकेचा व्हिसा

अमेरिकेच्या व्हिसाला केस लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ताई आणि भावजी अमेरिकेत. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. शेवटी त्यांनी आमच्याच शहरातल्या एका अनाथाश्रमातली चार वर्षांची मनू दत्तक घेतली. कोर्टाचं सगळं उरकलं, भावजी नोकरीवर परतले. राहिला फक्त मनूचा व्हिसा. मुलाखत मुंबईला, आणि ताईची रजा संपत आलेली. व्हिसा अडला तर पोरीला इथं सोडून जावं लागणार! ताई दिवसातून दहादा कागदपत्रं तपासत होती.

आदल्या दिवशी ती मनूसाठी फ्रॉक आणायला गुलमंडीच्या बाजारात गेली. जाताना म्हणाली, "दिन्या, पोरीकडं बघ रे."

मी बघितलं. केस डोळ्यांवर येत होते. (इथंच थांबलो असतो तर!) म्हटलं, जरा नीटनेटकी दिसू दे. कात्री घेतली. डावीकडं थोडं जास्त गेलं, म्हणून उजवीकडं कापलं. मग डावी बाजू लांब वाटायला लागली! असं करत करत शेवटी मनूनं आरशात पाहिलं आणि असं भोकाड पसरलं, की मी तिला उचलून थेट नाक्यावरच्या सलूनमध्ये पळालो.

"चूहे कुतरे क्या?" सलूनवाल्या चाचांनी विचारलं.

"मी कापले."

"अब तो गोटाच करना पडेंगा, बावा!"

ताई परतली. पासपोर्टच्या फोटोत दोन वेण्या, समोर चकचकीत गोटा!

"ही तीच पोरगी आहे, हे मी त्यांना कसं पटवू रे?" एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली. चार थपडा मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रात्रीच्या गाडीत ती मुंबईपर्यंत माझ्याकडं पाठ करून बसली.

वकिलातीत त्या दोघी आत, मी बाहेर घामाघूम. थोड्या वेळानं शिपाई ओरडला, "मुलीचा मामा कोण? आत बोलावलंय!"

मेलो!

काचेमागं एक गोऱ्या बाई, शेजारी मराठी दुभाषी. बाई एकदा फोटो बघायच्या, एकदा मनूचा गोटा. ताईचा चेहरा पांढराफटक. शेवटी दुभाषीनं मनूला विचारलं, "बाळ, केस कुणी कापले?"

मनूनं माझ्याकडं बोट केलं. "मामानं."

"का बरं?"

"त्याला येत नाय म्हणून."

दुभाषीला भाषांतर करताना हसू आवरेना. बाई मात्र गंभीरच. त्यांनी ताईकडं बोट करून दुभाषीमार्फत विचारलं, "आणि ही कोण?"

मनू ताईच्या पदरात शिरली. "माझी आई. लई रडली काल. मी तिचे डोळे पुसले."

हेही बाईंना सांगितलं गेलं. त्यांनी हातातला फोटो खाली ठेवला. मग मान हलवून हसल्या. व्हिसा मंजूर! ताई काउंटरवरच रडायला लागली, आणि मनू पुन्हा डोळे पुसायला.

इतक्यात बाईंनी माझ्याकडं पाहून काहीतरी विचारलं.

"तुम्हीपण जाताय का अमेरिकेला?" दुभाषीनं सांगितलं.

"नाही हो, मी इथंच."

बाई पुटपुटल्या. मी उत्सुकतेनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बरं झालं."