जन्म कुठला, ते आधी सांगा

जून उजाडला की माझ्या दवाखान्यात पेशंटांपेक्षा पालक जास्त येतात. मुलाला मेडिकलला घालायचंय, कुठला ग्रुप घ्यायचा, कागद काय काय लागतात, मुडद्यांची भीती वाटते का, मुलीला झेपेल का. सांगतो बापडा. पण सांगता सांगता मी चिडतो आणि पालकांना वाटतं, डॉक्टरला शिंगं फुटलीत. खरं म्हणजे हे सगळं सांगायचा मान माझा नाही. तो नवी पेठेतल्या एका कापडवाल्याचा. हल्ली तो कुणी विचारायला गेलं तर एकच प्रश्न करतो आणि गप्प बसतो.

त्याचं नाव रुद्रप्पा. आम्ही अप्पा म्हणायचो. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. ओट्यावर चांदसाब टेलरचं मशीन. सोलापुरात मेडिकल कॉलेज निघालं तसे पांढऱ्या कापडासाठी विद्यार्थी यायला लागले. अप्पा कापड फाडायचे, चांदसाब एप्रन शिवायचा, आणि शिवून होईपर्यंत पोरगं ओट्यावर बसून काही ना काही बोलायचं. अप्पा कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. पण डॉक्टरकीचं त्यांना वेड होतं. कुणाला देवाचं असतं, कुणाला नाटकाचं, तसं. पोरांनी सांगितलेलं सगळं ते डोक्यात साठवायचे आणि पुढच्या पोरांना द्यायचे.

मी सांगोल्याकडून आलो ते सत्तर साली, इंटर सायन्सचे मार्क खिशात घेऊन. प्रवेश मिळायच्या आधीच हुरळून एप्रनचं कापड घ्यायला गेलो. अप्पांनी ताग्याला हातसुद्धा लावला नाही.

"डोमिसाईल काढलंय का?"

मला तो शब्दच माहीत नव्हता. अप्पा म्हणाले, "डॉक्टर, कापड कुटं पळून जात न्हाय. आधी कचेरीत जावा. तुमी महाराष्ट्रातले हाय, असा दाखला लागतोय. मार्क किती बी असूंद्या, तो कागद नसला तर नाव सोडून पुढं जातेत." प्रवेश व्हायच्या आधीपासून ते सगळ्यांना डॉक्टरच म्हणायचे. मी कचेरीत धावलो, दाखला वेळेत हातात पडला. नाहीतर आज मी सांगोल्यात शेळ्या राखत असतो, किंवा मास्तर झालो असतो.

पुढचे सल्ले ते कापड मोजता मोजता देत. पहिले काही महिने लेक्चरमधलं इंग्रजी डोक्यावरून जाईल, पण पुढच्या बाकावर बसा, मागं बसलात की संपलात. हाडांचा संच नवा घेऊ नका, वरच्या वर्गातल्या पोराकडून घ्या. डिसेक्शनला जायच्या आधी पोटभर जेवा, कारण आल्यावर घास उतरत नाही. हाताचा वास साबणाने जात नाही, लिंबू चोळा. आणि नापास झालात तर घरी तोंड लपवू नका, सहा महिन्यांनी परत बसता येतं. हे शेवटचं ते प्रत्येकाला सांगायचे, अगदी हळू आवाजात. मी पहिल्या परीक्षेत आपटलो तेव्हा मला तेच आठवलं आणि मी गाशा गुंडाळला नाही.

रविवारी ते मला घरी जेवायला बोलवायचे. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. घरात अप्पा, त्यांच्या पत्नी सुंदरम्मा आणि थोरली लेक जगदेवी. धाकटा मुलगा होता, तो जेवला की गल्लीत. अप्पा-अम्मांचं आपसात कानडी, माझ्याशी मराठी. जगदेवी तेव्हा शाळेत होती. एकदा मी हाडांची पेटी घेऊनच त्यांच्याकडे गेलो, खोलीवर चोऱ्या होत होत्या म्हणून. अम्मांनी पेटी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. सोप्यातच ठेवायला लावली. जेवून उठलो तर जगदेवी सोप्यात बसून मांडीचं हाड स्वतःच्या मांडीशी लावून बघत होती.

"दादा, हे डावं हाय ना?"

डावंच होतं. मला ते ओळखायला दोन आठवडे लागले होते. अप्पा दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या तोंडावर जो आनंद आला तो मी नंतर कधी पाहिला नाही. त्या दिवसापासून घरात ठरलं की जगदेवी डॉक्टर होणार. अम्मांच्या मनात मात्र दुसरं होतं. त्यांचा धाकटा भाऊ सोमलिंग भीमेपलीकडे शेती करायचा, आणि मामाला भाची द्यायची ही त्यांच्यात रीत. जगदेवी पाळण्यात असतानाच ते बोलून झालं होतं. अप्पा म्हणायचे, "बघू की." मेडिकल मिळालं तर लग्नाचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी अम्मांकडून कबूल करून घेतलं.

पंच्याहत्तर साली ती इंटर झाली. बी ग्रुपला, म्हणजे जीवशास्त्राच्या गटात, मार्क असे की कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती. अप्पांनी पेठेत पेढे वाटले. दुकानातला सगळ्यात चांगला तागा काढून स्वतः एप्रनचं कापड फाडलं आणि चांदसाबला म्हणाले, "हे लई जपून शीव." चांदसाब म्हणाला, "मेरी भी बच्चीच है वो, अप्पा." एप्रन शिवून, इस्त्री करून कपाटात ठेवला गेला.

आणि डोमिसाईल राहिलं होतं.

अख्ख्या सोलापूरला विचारणाऱ्या माणसाने आपल्या घरात विचारलं नव्हतं. त्यांना ते एका दिवसाचं काम वाटलं. आपण सोलापूरचेच, त्यात काढायचं काय? निकाल लागला, पेढे वाटून झाले, मग ते सावकाश कचेरीत गेले. इंटर्नशिपमधून सुटी काढून मीही बरोबर होतो. टेबलावरचा कारकून भला माणूस होता. त्याने शाळेचा दाखला वाचला आणि मान वर केली.

"अप्पा, मुलीचा जन्म विजापूर जिल्ह्यातला. चौथीपर्यंतची शाळासुद्धा तिकडची. म्हणजे परराज्यातली."

"परराज्य कुटलं साहेब?" अप्पा हसले. "माझी सासुरवाडी हाय की ती."

त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्यांचं लग्न झालं तेव्हा सोलापूर आणि विजापूर दोन्ही मुंबई राज्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सुंदरम्मा भीमेपलीकडे गेल्या, आणि त्या तिकडे असतानाच राज्यांची फेरआखणी झाली. लेक जन्मली तेव्हा विजापूर म्हैसूर राज्यात जाऊन जेमतेम महिना झाला होता. पुढे धाकट्याच्या वेळी अम्मा अंथरुणाला खिळल्या, म्हणून पोरगी आजीकडे राहिली, तिथल्या कानडी शाळेत गेली. यात कुणी काही वावगं केलं नव्हतं. तीच बस, तीच भाषा, तीच जत्रा. सीमा असते ती नकाशात, बाळंतिणीला ती कोण सांगणार?

कारकून म्हणाला, "दाखला मिळेल. तुमचा हक्क आहे. पण चौकशी लागेल, तुमचं इथलं राहणं, तिचं इथं येणं, जबाब, शाळांची पत्रं. मे महिन्यात आला असतात तर आतापर्यंत हातात असता."

मे महिन्यात जावा, हे अप्पांचं स्वतःचं वाक्य होतं. मी ते दुकानात कितीदा ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

मुलाखतीच्या दिवशी जगदेवी नवी साडी नेसून बाकावर बसली होती. दाखला आला नव्हता. आत नाव पुकारलं, आम्ही गेलो. मार्क पाहून समोरच्या गृहस्थांनी समाधानाने मान हलवली. मग कागद चाळले.

"डोमिसाईल?"

"अर्ज दिलाय, साहेब. चौकशी चालू हाय," अप्पा म्हणाले.

त्या गृहस्थांनी सौम्यपणे सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा आहे. मग पुढचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर जगदेवी रडली नाही. तिने कागद नीट जुळवले, पिशवीत घातले आणि म्हणाली, "चला अप्पा, दुकान बंद हाय." दाखला आला तेव्हा वर्ग भरून महिना होऊन गेला होता. जागा केव्हाच भरल्या होत्या.

पुढच्या वर्षी परत अर्ज करता आला असता. आता दाखला हातात होता, मार्कही कुठे जाणार नव्हते. मी हे अप्पांना घरी जाऊन सांगितलं, अम्मांसमोर. अम्मा म्हणाल्या, "ठरलं होतं तसं झालं न्हाय. आता माझ्या भावानं किती थांबायचं?" जगदेवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि अप्पांकडे बघत होती. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की एक वर्ष थांबू. बाकीचं तिने केलं असतं. अप्पा जमिनीकडे बघत बसले. ज्याच्या हातून घात झाला त्याचा आवाज घरात निघत नाही, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. खरं सांगायचं तर थोडा अजून आहे.

लग्नाच्या आधी जगदेवी एकदा दुकानात आली. त्या वेळी पहिल्या वर्षाची एक मुलगी घाईघाईने आणखी एक एप्रन मागत होती, दुसऱ्या दिवशी डिसेक्शन होतं आणि चांदसाबकडे कामाचा ढीग. जगदेवीने तिला वरखाली पाहिलं, घरी गेली आणि कपाटातला एप्रन आणून तिच्या हातात दिला. "घालून बघा. माप बरोबर हाय," म्हणाली. चांदसाब मशीन थांबवून उठला आणि चहाच्या निमित्ताने निघून गेला. त्या दिवशी तो परत दुकानावर आलाच नाही.

त्यानंतरच्या जूनपासून अप्पा बदलले. कुणी पालक आला की ग्रुप नाही, मार्क नाही, लिंबू नाही. "जन्म कुठला, ते आधी सांगा," एवढंच. समोरचा सोलापूर म्हणाला की ते मान हलवून ताग्यांकडे वळायचे. लोकांना वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. हळूहळू विचारायला येणारे कमी झाले.

पुढे एका हिवाळ्यात अप्पा माझ्याकडे आले. मी नुकताच दवाखाना थाटायच्या खटपटीत होतो. मामाच्या घरी दिलेल्या जगदेवीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, तिला माहेरी आणायचं होतं. तिच्या पायाला सूज आहे असं कळलं होतं, म्हणून म्हणाले, "डॉक्टर, तुमी संगं चला. प्रवास सोसंल का, ते बघा." त्यांच्या काखेत एक मऊ वाकळ होती. एसटीच्या बाकावर अंथरायला अम्मांनी दिली होती. कितीतरी दिवसांनी त्यांच्या अंगात उत्साह दिसला. वाटेत म्हणाले, आपल्या सिव्हिलमध्ये नाव घालू, तुमची ओळख असंल की.

तिचं भीमेपलीकडचं घर नीटनेटकं होतं. सोमलिंग गरीब स्वभावाचा, त्याने आमच्या पायावर पाणी घातलं, ताक दिलं. जगदेवीने मला बघून बीपीच्या यंत्राची पिशवी आधी ओळखली. "पाय संध्याकाळी सुजतेत, सकाळी उतरतेत. डोकं दुखत न्हाय, डोळ्याला अंधारी न्हाय," तिने आपणच सांगितलं. मला विचारायला काही उरलं नाही. बीपी ठीक होतं. प्रवास करायला हरकत नाही, असं मी म्हणालो. अप्पा लगेच उठले.

"अप्पा, मी येणार न्हाय," जगदेवी म्हणाली.

अप्पा उभेच राहिले. "राग हाय व्हय माझ्यावर?"

"होता. आता न्हाय. पण बाळंतपण हितंच. इंडीला सरकारी दवाखाना हाय, यांनी तितं बोलून ठिवलंय."

"अगं, पहिलं माहेरी करायचं असतंय. तुझी आई वाट बघतीया."

"आईचं पहिलं बी माहेरीच झालं की, अप्पा."

ती हे टोचून बोलली नाही. तिने त्यांचा हात धरला, त्यांना परत बसवलं आणि लहान मुलाला समजावावं तसं सांगितलं, "मुलगी झाली तर ती हितंच वाढंल, हितंच शिकंल. उद्या तिला शिकायचं झालं आन् कुणी जन्म इचारला, तर सोलापूर न्हाय सांगायचं तिनं. म्हणून."

सोमलिंग खाली मान घालून पितळेचे पेले गोळा करायला लागला. मग अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वाकळ परत काखेत मारली आणि ते उठले.

परतीच्या बसमध्ये वाकळ त्यांच्या मांडीवर घडी घातलेली होती. भीमेचा पूल आला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, मी सगळ्या पेठेला सांगत बसलो. माझ्या घरात ऐकलं, ते हिनं एकटीनंच." मग त्यांनी वाकळीत तोंड घातलं. पलीकडे उतरणीला कंडक्टर तिकिटं तपासायला आला, तेव्हा त्यांचंही तिकीट मीच दाखवलं.